जाऊबाईंच्या गाडीचा मागचा बंपर

माझ्या थोरल्या जाऊबाई पिकअप चालवतात. लग्न ठरल्यावर मी हे घरी सांगितलं, तर आईने विचारलं, "म्हणजे मागे मालाबरोबर बसून जातात?" मागे नव्हे, आई, पुढे. पदर कमरेला खोचून, खिडकीतून कोपर बाहेर काढून, आणि आडव्या आलेल्या रिक्षावाल्याच्या घराण्याची सविस्तर विचारपूस करत. माहेर माझं घाटावरचं. मासे आम्हाला फक्त नदीतले ठाऊक होते, तेही कधीमधी. त्यामुळे सासरचं सगळंच मला नवं होतं, आणि त्यात सगळ्यांत नव्या होत्या त्या जाऊबाई.

सासर पाचूबंदरचं. सासऱ्यांची हयात होडीवर गेली. थोरले दीर अजून बोटीवर जातात, गेले की काही दिवस समुद्रातच असतात. माझा नवरा मात्र नोकरीला लागला आणि आम्ही दोघांनी विरारला फुलपाड्यात फ्लॅट घेतला. मी तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला आहे, दुपारच्या पाळीला. सकाळी मोकळी असते. एकटीला फ्लॅटमध्ये करमत नाही, म्हणून बस पकडून मी वारंवार सासरी जाऊन थडकते. माहेरच्यांना हे विचित्र वाटतं. त्यांच्या मते सून सासरपासून पळते, ही उलटी धावते.

खरं कारण जाऊबाई. बंदरावर लिलाव आटोपला की त्या गाडी मागे घेत घेत थेट माशांच्या पाट्यांजवळ आणायच्या. स्वतःचा माल तर असायचाच, पण कोळीवाड्यातल्या मासे विकणाऱ्या बायकांच्या पेट्याही त्यांच्याच गाडीत चढायच्या. बायका बसने पुढे जायच्या, माल मागून यायचा. रिक्षावाले त्या पेट्या घेत नाहीत, वास येतो म्हणतात. संध्याकाळी तळलेला बोंबील खाताना तो वास बरा चालतो. जाऊबाई कुणाची पेटी आधी, कुणाची नंतर, कुणाला नालासोपाऱ्याला उतरवायची आणि कुणाला विरारला, हे सगळं डोक्यात ठेवायच्या. लिलावाला उशीर झाला तर थांबायच्या. एखादीचं मूल आजारी असलं तर तिची पेटी तिच्या बाजारातल्या ओट्यावर पोचवून, वर बर्फ टाकून यायच्या. मला हे सगळं पाहताना फार बरं वाटायचं. मी त्यांच्याशेजारी बसून विरारपर्यंत फुकट जायची, तेही बरं वाटायचं.

मग गेल्या वर्षी तो प्रसंग झाला.

पिकअपची स्टेपनी, म्हणजे जादा चाक, मागच्या हौद्याखाली साखळीने टांगलेलं असतं. मागून सळई घालून फिरवली की साखळी सैल होते आणि चाक खाली येतं, असं कंपनीने ठरवलेलं. पण हौद्यातून रोज माशांचं खारं पाणी गळतं, ते नेमकं त्या साखळीवर. आमच्याकडे होडीच्या एकेका खिळ्याला तेल चोळतात, पण गाडीच्या पोटाखाली वाकून कोण बघतं? महामार्गावर मागचं चाक बसलं तेव्हा साखळी गंजून दगड झाली होती. जाऊबाई डांबरावर पाठ टेकून आत शिरल्या आणि चाक हातांनी ओढू लागल्या. साखळी अचानक निम्मी सुटली, चाक हातावर आलं, आणि उजवा खांदा निखळला. दोन ट्रकवाले थांबले, त्यांनीच साखळी कापून चाक बदललं. माझा नवरा बाइकने तिथे पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं आणि पाण्यात सगळ्यांचे मासे तरंगत होते.

त्या दिवशी कुठल्याच बाईला विकायला काही उरलं नाही. पण एकीनेही जाऊबाईंना शब्दाने दुखावलं नाही. उलट खिमटी करून आणली, हळद लावली. हेच त्यांना सगळ्यांत जास्त लागलं, असं मला वाटतं. कुणी भांडली असती तर त्यांनी तिला दोन सुनावल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या.

खांदा बसवला, पट्टा निघाला, हात हलू लागला. डॉक्टरांनी एवढंच बजावलं की वजन खालून ओढायचं नाही आणि वर उचलायचं नाही. गाडी चालवायला हरकत नव्हती. पण जाऊबाईंनी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "ज्या गाडीचं चाक मना एकटीला बदलता येत नाय, ती गाडी मी लोकांचा माल घेऊन रस्त्यावर काढनार नाय."

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. थोरले दीर म्हणाले, "बरं झालं. आता जरा बस घरात." लगेच एक ड्रायव्हर ठेवला. माझा मात्र तिळपापड झाला. एवढं हायसं वाटण्यासारखं काय होतं त्यात? ड्रायव्हर तसा वाईट नव्हता, पण घड्याळावर चालणारा होता. लिलाव लांबला की हॉर्न मारायचा, आणि पेट्या अर्ध्या चढलेल्या असताना गाडी काढायचा. ज्यांच्या पेट्या राहायच्या त्या बायका टोपली डोक्यावर घेऊन बसस्टॉपवर उभ्या राहायच्या, आणि कंडक्टर त्यांना चढू द्यायचा नाही. जाऊबाई ओटीवर बसून डाव्या हाताने बोंबील साफ करायच्या. गाडीचा आवाज आला की मान वर करायच्या नाहीत. रिक्षावाल्यांच्या घराण्यांचीही विचारपूस थांबली. मला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी मी गेले, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात परदेशातली कुठलीशी जीप होती. तिच्या मागच्या बंपरला एका कडेला आडवा लोखंडी हात लावलेला, त्या हातावर जादा चाक. माणसाने खटका काढला, दार उघडावं तसा तो हात चाकासकट बाजूला फिरवला आणि मागची फळी खाली पाडली. जाऊबाईंनी तो व्हिडिओ मला तीनतीनदा दाखवला.

"चाक पोटाखाली नकोच," त्या म्हणाल्या. "मागे, माझ्या कमरेच्या खाली पायजे. कोन बनवील?"

मी म्हटलं, "आमच्या बिल्डिंगखाली ग्रिलवाला आहे ना."

पण त्या थेट ग्रिलवाल्याकडे आल्या नाहीत. आधी त्यांनी गाडी अंगणात उभी करवून घेतली आणि विटेचा तुकडा घेऊन मागच्या सिमेंटवर अख्खा बंपर काढला, खऱ्या मापाचा. होडी बांधणारे असंच जमिनीवर पूर्ण मापात काढतात, असं नंतर कळलं. मला कागदावर छोटं चित्र काढायची सवय. जाऊबाई त्या रेघांमध्ये उभ्या राहून हात फिरवल्याचा अभिनय करत होत्या, की हात इकडून इकडे येणार, मी इथे उभी राहणार, फाळका, म्हणजे हौद्याची मागची फळी, इथपर्यंत पडणार. मग थांबून म्हणाल्या, "रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं?" आणि बर्फाच्या पेट्या चढवायला लावल्या. गाडी खाली बसली तशी विटेची रेघ पुसून नवी ओढली. मी ओटीवर चहाचा कप हातात धरून बघत राहिले. कित्येक दिवसांनी जाऊबाई दुसऱ्यांना कामाला लावत होत्या.

सासरे तोवर कशातच नव्हते. ते खुर्चीत बसून जाळ्याचा एक तुकडा उगाच विणत होते. रेघांकडे बघून बघून शेवटी त्यांना राहवलं नाही. उठून आले आणि पायाच्या अंगठ्याने एक जागा दाखवली.

"इथं वाकनार हा हात. चाकाचं वजन हाय त्याला. आज नाय तर महिन्यानं वाकंल."

"मग काय करू, बाबा?"

"सुकानू कसं टांगतात?"

होडीच्या मागच्या बाजूला एकाखाली एक अशा दोन लोखंडी कड्या असतात आणि सुकाणवाला खाली तोंड करून दोन जाड खिळे. खिळे वरून कड्यांत सोडायचे, की सुकाणू टांगलं गेलं. दोन कड्यांत अंतर जितकं जास्त, तितकं वजन बेताल होत नाही. किनाऱ्याला लागताना तेच सुकाणू वर उचलून काढून घ्यायचं, नाहीतर वाळूत रुतून मोडतं. सासऱ्यांनी हे सांगताना दोन्ही हात असे धरले होते की जणू लाटेवर उभे आहेत. जाऊबाईंना ते लगेच पटलं. मलाही पटलं, मला काय कळतंय त्यातलं हा प्रश्न वेगळा.

तर असे आम्ही तिघं फुलपाड्याला ग्रिलवाल्याकडे गेलो. हा माणूस आमच्या अख्ख्या गल्लीच्या खिडक्यांना जाळ्या लावून बसलाय आणि त्याचा त्याला भारी अभिमान. "टेन्शन नका घेऊ, मॅडम. मी लावलेली ग्रिल बघून चोर परत जातात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बंपर म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं, "डिझाइन काय टाकू? मोर चालतो सध्या."

"मोर नको," जाऊबाई म्हणाल्या. "मागचे दिवे आनि नंबर उघडे ऱ्हायले पायजेत. बास."

मोर गेला, पण त्याने हौस सोडली नाही. बंपरच्या दोन टोकांना कमळाच्या पाकळ्या काढू का, असं तो शेवटपर्यंत विचारत होता. कामाला मात्र पक्का. जाड लोखंडी चॅनेल आणली, चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्डिंग करायला साफ नकार दिला, म्हणाला की चासीला जाळलं की ती तिथेच मोडते, प्लेट लावून बोल्टने आवळू. कड्या कुठल्या बाजूला, यावरून त्याची आणि जाऊबाईंची जुंपली. तो म्हणत होता उजवीकडे, कारण गेट उजवीकडेच बसवतात.

"गेटच्या बाजूनं ट्रक जातात का?" जाऊबाईंनी विचारलं. "गाडी बंद पडली की मी डावीकडं, रस्त्याच्या कडेला घेनार. उजवीकडनं गाड्या सुसाट जानार. मग हात डावीकडं उघडला पायजे ना? का मी ट्रकखाली उभी राहू?"

ग्रिलवाल्याने कान पकडले. कड्या डावीकडे बसल्या. दुसऱ्या टोकाला लोखंडी हात टेकायला खोबण आणि दाराला असते तशी कडी लावली. लाल रंगाचा पहिला थर दिला. सासरे रोज बसने येऊन स्टुलावर बसायचे आणि खिळे कड्यांत नीट उतरतात का ते बघायचे. हात वरून सोडला की सुर्रकन बसायचा, उचलला की निघायचा. "निघालं पायजे, गं," ते मला सांगायचे. "न निघनारं सुकानू काय कामाचं?" ग्रिलवाला त्यांना कप्तान म्हणू लागला आणि सासऱ्यांनी त्याला तसं म्हणू दिलं.

पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली ती रिकामी. जाऊबाई स्टिअरिंगवर, शेजारी सासरे, कडेला मी. होळी नावाच्या भागाकडे, भाज्यांच्या वाड्या आहेत तिथून निघालो होतो. जाऊबाई गुणगुणत होत्या. एका गतिरोधकावर गाडी उडाली, रिकामी पिकअप उडते तशी, आणि मागे लोखंड धाडकन आदळल्याचा आवाज झाला.

हात चाकासकट निखळून रस्त्यावर पडला होता. घसटत घसटत तो कडेच्या पालकाच्या वाफ्यात जाऊन घुसला होता. मागून एक स्कूटरवाला येत होता. त्याने ब्रेक मारले आणि पडता पडता सावरला. हातभराचं अंतर राहिलं असेल. तो पांढरा पडून नुसता बघत राहिला, आणि जाऊबाई त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. वाडीतून एक बाई बाहेर आल्या. त्यांनी आधी पालकाकडे बघितलं, मग चाकाकडे, मग जाऊबाईंकडे, आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. सासरे गाडीतून उतरलेच नाहीत.

वाकलेला हात आणि चाक हौद्यात टाकून आम्ही परत आलो. नेमके त्याच दिवशी दीर बोटीवरून आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "झालं समाधान?" माझ्या जिभेवर चांगलं उत्तर आलं होतं, पण जाऊबाईंनी नजरेने गप्प केलं. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तुमचं. तो पोरगा मेला असता." किल्ली परत खिळ्यावर गेली. आता संपलं, असं मी धरून चालले. रात्री फ्लॅटवर येऊन नवऱ्यावर विनाकारण डाफरले.

दुसऱ्या दिवशी गेले तर सासरे घरात नव्हते. जेवलेही नव्हते म्हणे. मी शोधत किनाऱ्यावर गेले. ते एका लहान होडीच्या मागे उभे होते, आणि सुकाणवाकडे असे बघत होते की जणू ते त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. वरच्या कडीपाशी, सुकाणवाला घट्ट वेढे घेऊन, एक जुनी दोरी बांधलेली होती.

"दोरी," ते म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला. "दोरी सांगायची ऱ्हायली."

लाट खालून आली की सुकाणू कड्यांतून वर उचललं जाऊ नये म्हणून ती बांधतात. सुकाणू बसवलं की हात आपोआप दोरीकडे जातो. ते कुणी शिकवत नाही, कुणी सांगत नाही.

"मग बाबा, तुम्ही ग्रिलवाल्याला बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"ती काय सांगायची गोष्ट हाय? ती बांधतातच," ते म्हणाले. अगदी रडवेले झाले होते. जन्मभर रोज केलेली गोष्ट त्यांना कधी वेगळी दिसलीच नव्हती. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

घरी येऊन त्यांनी जाऊबाईंना सांगितलं. मी मनात तयारीत होते की आता बाई चिडणार. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, अंगणात गेल्या, तो वाकडा झालेला हात उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "बाबा, तुमचं टांगनं बरोबर होतं. दोरी नको, खालच्या टोकाला आटे पाडू. नट आवळू आनि नटातनं पिन घालू. मग तो उडतो कसा बघू."

सासरे खुर्चीत जाऊन बसले आणि जाळं विणू लागले. थोड्या वेळाने त्यांनी जेवायला मागितलं. मला वाटतं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा मान इतक्या सहज जागेवर ठेवताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. मी असते तर आयुष्यभर ती दोरी ऐकवली असती.

नट लागले, पिना लागल्या, वर साखळीही लागली. आता जाऊबाईंची परीक्षा घ्यायची रीत बघा. रिकामी गाडी त्यांनी मुद्दाम जितके खड्डे आणि गतिरोधक सापडतील तिथून नेली, आणि माझ्या नवऱ्याला बाइकवर बऱ्याच मागे ठेवलं, हाताकडे नजर ठेवायला. आमच्या भागात खड्डे शोधायला लांब जावं लागत नाही. हात तसूभर हलला नाही. तरी त्या रोज घरी आल्यावर पिना बोटाने चाचपायच्या.

पण खरी अडचण पुढेच होती. हात फिरतो, चाक मागे आलंय, ठीक. ते खाली उतरवायचं कसं आणि पंक्चर झालेलं वर चढवायचं कसं? डॉक्टरांचं उचलायचं नाही हे होतंच. इथे त्यांनी सासऱ्यांनाही विचारलं नाही. होड्या किनाऱ्यावर ओढताना फळ्यांवरून सरकवतात, उचलत कुणीच नाही, हे त्या लहानपणापासून बघत होत्या. त्यांनी एक जाड फळी घेतली, तिचं एक टोक बंपरवर टेकवलं, दुसरं जमिनीवर, आणि चाक फळीवरून गडगडत खाली आणलं. वर नेताना मात्र ते कडेने घसरायचं. घसरलं की त्या खांदा धरून बसायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, मग उठायच्या. फळीला दोन्ही कडांनी पट्ट्या ठोकल्या, तेव्हा घसरणं थांबलं. चाक फळीवर ढकलायचं ते हातांनी नाही, त्याच्याकडे पाठ करून कंबरेने रेटायचं, हेही त्यांनीच शोधलं.

अंगणात हा सराव चालायचा तेव्हा वाड्यातल्या त्या सगळ्या बायका भोवती जमायच्या. सल्ले तर असे, की प्रत्येकीने जन्मभर गॅरेजच चालवलं आहे असं वाटावं. पण हात कुणी लावला नाही. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी दम दिला होता. मलाही तोच दम होता. बघत बसणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं.

शेवटी दीर तयार झाले, पण त्यांनी एक अट घातली, एकटीने जायचं नाही. ड्रायव्हरला जाऊबाईंनी नको म्हटलं. म्हणून मी. सकाळी माझी पाळी नसतेच. मी रोज आदल्या रात्री पाळी संपवून सासरी मुक्कामाला यायची, सकाळी लिलावानंतर त्यांच्याशेजारी बसायची, आणि विरारला उतरून कामावर जायची. वाटेत गाणी, रिक्षावाल्यांचा उद्धार, पेट्या उतरवताना बायकांची चेष्टा. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते. काही व्हावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

आणि मग झालं. महामार्गावर, भर उन्हात, डाव्या बाजूचं मागचं चाक बसलं. हौदा पेट्यांनी गच्च भरलेला. जाऊबाईंनी गाडी कडेला घेतली, मागे फांदी आणि दगड ठेवले, आणि मी दार उघडून उतरायला लागले तर म्हणाल्या, "तू सावलीला उभी ऱ्हा. लांब."

मी लांब उभी राहिले. त्यांनी नट सैल केले, पान्याला पाइप लावून आणि त्यावर पायाने भार देऊन. जॅक लावला. पिन काढली, कडी काढली, हात बाजूला फिरवला. फळी टेकवली. चाक खाली आलं. तेवढ्यात एक ट्रक थांबला, दोघं उतरले, "हटो बहनजी, हम कर देते हैं," म्हणत पुढे आले. मला वाटलं, हो म्हणावं. खांद्याचं दुखणं मी जवळून पाहिलं होतं. पेट्यांतून बर्फाचं पाणी गळायला लागलं होतं, आणि आतला माल सगळ्या बायकांचा होता.

जाऊबाईंनी घाम पुसला आणि त्यांना म्हणाल्या, "भैया, तुम लोग खाली देखो. कोई गाडी आयी तो आवाज दो." ते दोघे खरंच मागे जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या गाड्यांना हात दाखवू लागले.

जादा चाक त्यांनी पायाने रेटत जागेवर बसवून आवळलं. पंक्चर झालेलं चाक फळीवरून वर चढवताना मात्र ते एकदा अर्ध्यावरून परत आलं. त्या थांबल्या. उजवा हात शरीराशी धरून उभ्या राहिल्या, डोळे मिटले. मी एक पाऊल पुढे टाकलं असेन, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "नको." मग चाकाकडे पाठ केली, टाचा रोवल्या आणि रेटलं. चाक लोखंडी हाताच्या बोल्टांवर बसलं. नट आवळून त्यांनी हात बंद केला, पिन घातली, आणि पिन बोटाने चाचपली.

ट्रकवाले टाळ्या वाजवून निघून गेले. जाऊबाई गाडीत बसल्या. गाडी चालू केली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून थोडा वेळ रडल्या, आवाज न करता. मीही रडले, मी आवाज करून. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, मला पाण्याची बाटली दिली आणि गाडी काढली. एकही पेटी खराब झाली नव्हती. बाजारात बायका वाट बघत होत्या, उशीर का झाला विचारलं, तर "चाक बसलं होतं" एवढंच म्हणाल्या आणि पेट्या उतरवू लागल्या.

मला विरारला सोडताना त्यांनी गाडी थांबवली. मी उतरून दार लावत होते, तेव्हा खिडकीतून कोपर बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आभार मानतील, आणि मी काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते.

"उद्यापासनं तू येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मना आता लागत नाय कोनी."

आणि गेल्या. मी फुटपाथवर उभी राहून गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले. कुणी हाकलून दिल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.